गुलबानोच्या नावाच्या बांगड्या

अजीजाखालाबद्दल कुणी काहीबाही बोललं की माझं टाळकं सरकतं. आणि बोलतात कोण, तर ज्यांनी तिला कधी बघितलंही नाही ते! मी बघितलंय. तिच्या पुढ्यात हात धरून बसलेय, तिच्या दारात उभी राहून लटलट कापलेय. त्या दिवशी गोजाबाईच्या खोलीत तिच्या मागोमाग शिरलेली अख्ख्या बोळातली मी एकटीच होते. तेव्हा जरा गप बसा आणि ऐका.

खाला मणेरीण होती, म्हणजे बांगड्या भरणारी. विजापूर वेशीकडच्या आमच्या बोळात तिची एकच खोली. नवरा कधीच वारलेला. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन ती सगळं सोलापूर हिंडायची. पद्मशाल्यांच्या घरी तेलुगूत बोलायची, लिंगायतांच्या घरी कानडीत, आणि आमच्यासारख्या मेंढरं विकून गिरणीत लागलेल्या धनगरांच्या घरी मराठीत. परक्या माणसाला ओसरीच्या पुढं पाऊल टाकता येत नसे, तिथं ही बाई थेट चुलीपर्यंत जायची. सासुरवाशिणी तिच्या कानात काय काय सांगायच्या! तिनं इकडचं तिकडं कधी केलं नाही.

हाताचं माप तिनं कधी दोऱ्यानं की पट्टीनं घेतलं नाही. आपला हात हातात घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी दाबायची, डोळे मिटायची आणि माळेतून नेमकी बांगडी काढायची. बांगडी हलवली तर वाजली पाहिजे, पण हातातून निसटता कामा नये, असं तिचं काम. ढिली बांगडी भरणाऱ्या मणेरणीला ती नावं ठेवायची. भरून झालं की वर एक बांगडी आशीर्वादाची घालायची, आणि बायका तिच्या पाया पडायच्या. हिंदू असो की मुसलमान, बांगडी भरणारीला नमस्कार करायचाच.

हे सगळं तीस सालच्या मार्शल लॉच्या आधीचं, चार-सहा वर्षं आधीचं असेल. तेव्हा गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, सोलापुरात येऊन-जाऊन असायचा. अशाच एका साथीत खालाची एकुलती एक पोर गेली. गुलबानो तिचं नाव. माझ्यापेक्षा लहान, हडकुळी, पण तोंडाची लई चुरचुरीत. आमच्या वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहायची. आईबरोबर टोपली घेऊन फिरायचं असायचं, म्हणून आत येऊन बसायला तिला कधी मिळालं नाही.

आता वर्ग म्हणजे काय, तेही सांगते, नाहीतर मधेच विचाराल. म्हाळसाबाई नावाच्या एक मास्तरीणबाई होत्या. विधवा, पुण्याला शिकून आलेल्या. चनबसप्पा सावकारांनी आपल्या आईच्या नावानं सुताच्या वखारीची पडवी त्यांना दिली होती, आणि तिथं दुपारी पोरींचा जोडीचा वर्ग भरायचा. प्रत्येक थोरल्या पोरीला एक धाकटी जोडून द्यायच्या. थोरलीनं धाकटीला घरून आणायचं, परत पोचवायचं, अक्षरं गिरवून घ्यायची, डोक्यातल्या उवा बघायच्या, जेवलीस का विचारायचं. घरी कुणी मारलं तर बाईंना येऊन सांगायचं. वर्ग चालायचा तो गेलेल्या माणसांच्या नावावर. कुणी बापाच्या नावानं पाट्या दिल्या, कुणी बहिणीच्या नावानं चटया. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. लग्न झालेलं, पण अजून नांदायला धाडली नव्हती. माझी धाकटी म्हणजे मायाक्का. आमच्याच भावकीतली, गोजाबाईची लेक. गोल गरगरीत पोर, मला केराक्का म्हणायची.

गुलबानोला जाऊन दोन वर्षं उलटल्यावर एके दिवशी खाला टोपली घेऊन पडवीत आली.

"बाई, मला बी द्यायचं हाय की," ती म्हाळसाबाईंना म्हणाली. "माझ्या पोरीच्या नावानं. पैसा कुटनं आणू? वर्गात नवी पोर आली की मी तिचा हात भरीन. जिवात जीव हाय तवर भरीन."

बाईंचे डोळे भरले. पण दाराशी बसलेल्या बायकांच्यात कुजबुज सुरू झाली. मेलेल्या पोरीच्या नावाच्या बांगड्या जित्या पोरींच्या हातात? पाटीचं वेगळं, चटईचं वेगळं. बांगडी अंगाला लागून राहते. कुणी पुढं होईना. शेवटी गोजाबाईच उठली.

"माजा लग्नाचा चुडा खालानं भरलाय," ती म्हणाली. "माज्या मायाक्काला भरा पयला. बगू काय हुतंय ते."

खालानं आसमानी रंगाची माळ काढली. गुलबानोला आसमानी रंग आवडायचा. मायाक्काचा उजवा हात तिनं हातात घेतला, दाबला, डोळे मिटले. लई वेळ मिटलेलेच ठेवले. मग बांगड्या चढवायला लागली. त्या दिवशी बांगडी जाता जाईना. मायाक्का तोंड वाकडं करत होती, पण रडली नाही. एक बांगडी चढताना तडकली, ओरखडा निघाला, रक्ताचा थेंब आला. खालानं तो पदरानं टिपला आणि दुसरी चढवली. दोन्ही हात भरले. मायाक्का हात वर करून सगळ्या बोळात नाचली, आणि घरी जाऊन नेहमीसारखी आईबरोबर शेणी थापायला बसली. ते बघून बाकीच्या पोरींचं भ्या गेलं. आठवड्याभरात आम्ही सगळ्या आसमानी झालो होतो.

आणि मग गिरणीच्या मागं उंदीर पडला.

ज्यांनी ते दिवस काढले नाहीत त्यांना हे कळायचं नाही. उंदीर भर उन्हात बिळातून बाहेर यायचा, झिंगल्यासारखा गोल फिरायचा आणि तिथंच आडवा व्हायचा. एक पडला की माणसांची बोलणीच बंद व्हायची. सकाळी उठलं की आई आधी आमच्या काखा आणि जांघा चाचपायची, मग चूल पेटवायची. तिची बोटं गार असायची. ती चाचपत असताना मी श्वास धरून ठेवायची. कुणाच्या घरी ताप आला की प्लेगची गाडी यायची, माणसाला गावाबाहेरच्या तंबूत न्यायची, घरातल्या चिंध्या-पांघरुणं जाळायची. गेलेलं माणूस परत येताना आम्ही तरी बघितलं नव्हतं. म्हणून जो तो ताप लपवायचा. रोगापेक्षा त्या गाडीचंच भ्या जास्त.

दोन-तीन दिवस मायाक्का वर्गाला आली नव्हती. तिला आणायला मी गेले तर दार लावलेलं. मी कडी वाजवली. गोजाबाईनं दार बोटभर उघडलं.

"मायाक्का मामाकडं गेलीया, जेऊरला."

"कवा गेली? काल तर—"

"गेलीया म्हनलं की! जा तू हितनं."

दार लागलं. मी वळले, तोच आतून बारीक आवाज आला, "केराक्का." माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी घराच्या मागं गेले. तिथं भिंतीत हातभर झरोका होता. टाचा उंच करून आत बघितलं. मायाक्का घोंगडीवर पडली होती, तोंड लालबुंद, ओठ सुकलेले. उजवा हात उशीसारख्या गोणपाटावर ठेवलेला, आणि तो हात हात राहिला नव्हता. कोपरापर्यंत टम्म फुगलेला, चकाकणारा. बांगड्या दिसतच नव्हत्या, नुसत्या वळ्या दिसत होत्या.

गोजाबाईनं मला बघितलं. ती धावत मागं आली आणि माझे दोन्ही दंड धरले. मला वाटलं आता मारते. पण ती माझ्या पायाशीच बसली.

"केरा, तुज्या पाया पडते. बोलू नगंस कुटं. काखंत गाठ आलीया गं तिच्या. गाडी न्हील पोरीला."

"मावशे, हातातल्या बांगड्या तरी काढ की. कसा झालाय हात!"

"निगत न्हाईत."

"मग वाढव." बांगडी फोडली असं आम्ही म्हणत नाही, वाढवली म्हणतो.

गोजाबाईचे डोळे विस्फारले. "मेलेलीच्या नावाची बांगडी वाढवू? तिनं दिलेलं मोडलं तर ती पोरीला घिऊनच जाईल."

मी कुणाला काही बोलले नाही. पण असल्या गोष्टी भिंतीआड राहतात होय? मायाक्काचं कण्हणं शेजारणीनं ऐकलं, शेजारणीनं दुसरीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बोळात एकच वाक्य फिरत होतं: मेलेली पोर आपल्यासाठी जोडीदारीण शोधतीय. जोडीच्या वर्गात जोडी मिळाली नाही ना, आता शोधतीय. आयांनी पोरींच्या हातांना तेल चोपडून, पोरी किंचाळत असताना, बांगड्या ओढून काढल्या. वाढवल्या नाहीत, वाढवायची छाती कुणाला होती! माझ्याही आईनं काढल्या. आणि मग त्या सगळ्या बांगड्या बायकांनी खालाच्या दारात नेऊन टाकल्या. उंबऱ्याला आसमानी ढीग लागला. वर्गाला कुलूप. चांगलं शिकलं-सवरलेलं माणूससुद्धा खालाच्या दारावरनं जाईना.

मी गेले. धिटाई म्हणाल तर अजिबात नाही. मायाक्का माझी धाकटी होती, आणि तिला आणायला-पोचवायला मी होते. दुसरं कुणाकडं जावं ते मला सुचेना.

खाला आत भिंतीला टेकून बसली होती. टोपली पालथी पडलेली.

"केरा, तू कशाला आलीस गं? जा बेटी." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मीच बलावलं काय गं तिला? नाव घिऊन घिऊन बलावलं काय? कबरीत निजलं हुतं लेकरू, मी निजू दिलं न्हाई."

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. पण मी म्हटलं, "खाला, मायाक्काचा हात लई सुजलाय. बांगड्या मासात गेल्यात. त्याच काखंत गाठ हाय."

"त्याच?"

"उजव्या. जिथं बांगडी तडकली हुती तिथनं सगळा काळा पडलाय."

खालानं स्वतःची बोटं वर केली आणि त्यांच्याकडं बघत राहिली. जणू मायाक्काचा हात अजून त्यांच्यात आहे, तशी तिनं ती हळूहळू मिटली.

"केवढी भरलेली पोर ती," ती म्हणाली. "गोल हात तिचा. मग माळेतनं मी येवढ्या बारक्या बांगड्या काढल्याच कशा? मी हात दाबला, डोळं झाकलं, आन—" तिनं मूठ उघडून बघितली. "या अल्ला. मी गुलबानोचं माप घातलं."

ती उठली. कोनाड्यातला अडकित्ता घेतला, एक धुतलेलं फडकं घेतलं. दारातला ढीग ओलांडताना तिचा पाय अडखळला, तेव्हा तिनं माझा खांदा धरला.

गोजाबाईच्या दारात माणसं दुरून बघत उभी राहिली. गोजाबाई आतून आली ती मुसळ घेऊनच.

"अगं ए, पाऊल टाकशील तर डोकं फोडीन! माजी येकच पोर हाय. तुज्या मेलीनं माजीच बगितली व्हय?"

"फोड," खाला म्हणाली. "पर आदी मला आत जाऊ दे. गोजा, मी बी लपवली हुती. गाडीच्या भ्यानं मी बी दार लावलं हुतं. रडायचा आवाज जाऊ नये म्हणून माझ्याच तोंडात पदर कोंबला हुता मी. लपवून काय राखलं मी? सांग की, काय राखलं?"

गोजाबाईनं मुसळ खाली ठेवलं नाही, पण उगारलंही नाही. खाला उंबऱ्यावर बसली.

"मला लई भ्या वाटतंय," ती बारीक आवाजात म्हणाली. "हितं वास तसाच येतोय." आणि तरी ती आत गेली. मी तिच्या मागं गेले, कारण तिनं माझा खांदा सोडला नव्हता.

मायाक्काला शुद्ध अर्धी होती. खालानं तिचा हात मांडीवर घेतला. फडक्याची घडी बांगडीखाली जाईना. मग तिनं फडकं वरून धरलं आणि अडकित्त्यात पहिली बांगडी पकडली. गोजाबाई किंचाळली, "नगं! तिच्या नावाची हाय!"

"तिच्या नावाची हाय म्हणूनच मी फोडणार. मी दिली, मीच काढणार." तिनं 'वाढवणार' म्हटलं नाही. बांगडी फोडणार, हे तिच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

कट्‌ करून आवाज झाला. मी दाराकडं बघितलं. खरं सांगते, मला वाटलं गुलबानो तिथं उभी असणार. दुसरी फुटली. तिसरीला मायाक्का ओरडली, आणि शेवटची काढताना मनगटातून घाण पू भळकन बाहेर आला. काचेचा एक बारका तुकडा त्यात होता. खालाच्या बोटांनाही काच लागली होती, तिचं रक्त त्याच फडक्यात.

"आता दवाखान्यात," ती म्हणाली.

"गाडी..." गोजाबाई पुटपुटली.

"ती न्यायच्या आदी आपणच न्यायचं. उजेडात, सगळ्यांच्या म्होरं."

खालानं पोरीला कडेवर घेतलं. पुढं ती, मागं आम्ही दोघी, आणि बाळीवेशीतून जाताना लोक भिंतीला चिकटून आम्हांला वाट देत होते. कुणीतरी दुकानाची फळी लावून घेतली. प्रत्येक चाकाच्या आवाजाला माझं काळीज तोंडाशी येत होतं. गोजाबाईनं मागून खालाचा पदर धरला होता, तो दवाखान्यापर्यंत सोडला नाही.

डॉक्टरनं काख दाबली, हात बघितला, किती दिवसांचं ते विचारलं. आम्ही तिघी त्याच्या तोंडाकडं बघत उभ्या. शेवटी तो म्हणाला, "हा प्लेग नाही. हाताची जखम सडलीय, तिचं विष काखेत चढलंय." गोजाबाई मटकन खाली बसली. "पण बसू नका," तो म्हणाला, "उशीर फार केलात. हात राहील की नाही सांगत नाही. आणि पोरीचंही आज सांगत नाही."

त्यानंतरचे दिवस मला आठवू नयेत असं वाटतं. हात चिरला, पुन्हा चिरला. ताप उतरायचा, वाटायचं सुटलो, आणि दिवेलागणीला परत चढायचा. म्हाळसाबाई यायच्या, गोजाबाईचा नवरा गिरणी सुटली की यायचा. खाला दवाखान्याच्या पायरीवर बसून असायची. आत यायची नाही. मी बाहेर आले की फक्त माझ्या तोंडाकडं बघायची, विचारायची नाही. मी मान हलवली की पुन्हा खाली बघायची.

मायाक्का वाचली. हातही राहिला. दोन बोटं कायमची ताठ झाली, मनगटाला कातडीचा वेढा पडला, पण पोर वाचली. साथही ओसरली, आणि म्हाळसाबाईंनी पडवीचं कुलूप काढलं.

वर्ग भरला तरी खाला येईना. तिनं टोपलीला हातच लावला नव्हता. बाई तिला बोलवायला गेल्या तर म्हणाली, "माझ्या हातावर माझा भरवसा न्हाई ऱ्हायला बाई. दुसऱ्या कुणाच्या लेकराला लावू कसा?" बाईंनी किती समजावलं, नक्को म्हणजे नक्कोच.

मग गोजाबाई गेली. काय बोलली कुणास ठाऊक. बहुतेक भांडलीच असेल, तिला दुसरं येतं काय! पण थोड्या वेळानं दोघी आल्या, टोपली गोजाबाईच्या डोक्यावर. पडवीत गोजाबाईनं टोपली उतरवली, मायाक्काला दंडाला धरून खालाच्या पुढ्यात बसवलं आणि तिचा तोच उजवा हात, वेढ्याचा, ताठ बोटांचा, पुढं केला.

"भरा," ती म्हणाली. "लेकीच्याच नावानं भरा."

आम्ही पोरी भिंतीला टेकून उभ्या. पुढं व्हायचा एकीलाही धीर होईना. खालानं हात पुढं केला, मागं घेतला, पुन्हा पुढं केला. शेवटी तिनं मायाक्काचा हात धरला. अंगठ्याच्या मुळाशी दाबलं. डोळे मिटले नाहीत. दाबत राहिली, बघत राहिली, मनगटाच्या वेढ्यावरून बोट फिरवत राहिली.

"ही गुलबानो न्हाई," ती म्हणाली.

मायाक्का म्हणाली, "न्हाई खाला. मी मायाक्का की."

खालानं माळेतून मोठी बांगडी काढली. ती हातात अलगद गेली, मनगटावर ढिली पडून राहिली. आणि मग त्या बाईच्या तोंडून असा हंबरडा फुटला की सुताच्या वखारीतली माणसं कामं टाकून धावत आली. गुलबानोला जाऊन तिसरं वर्ष चालू होतं. पोर गेली तेव्हा तोंडात पदर होता. त्यानंतर ती मोठ्यानं रडली ती पहिल्यांदा त्या दिवशी. गोजाबाईनं वखारीतल्या माणसांना हाकललं आणि तिला पोटाशी धरून बसली. आम्ही पोरी तिथंच उभ्या होतो, आणि गप बसा असं तिला कुणीच म्हणालं नाही.